दाब आहे, धार नाही

गाडीचा एसी बिघडलाय असं सांगितलं की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गॅस कधी भरला होता?" पंक्चरवाला विचारतो, पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी पाहुणासुद्धा वरणभात कालवता कालवता विचारतो. माझ्या गाडीत गारवा कमी पडत होता असं नव्हतंच. हवाच येत नव्हती. गार नाही, गरम नाही, काहीच नाही. नॉब एकवर न्या नाहीतर चारवर, जाळीपुढं हात धरला तर झुळूक म्हणून नाही. आता गॅसचं काम काय, तर कॉम्प्रेसरनं दाबलं की फिरत फिरत डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉईलमध्ये जायचं आणि ती गार करायची. त्या कॉईलवरून वारा ढकलून माणसाच्या तोंडापर्यंत आणायचं काम ब्लोअरचं. ब्लोअर म्हणजे डाव्या बाजूच्या सामानाच्या खणामागं बसवलेला बारा व्होल्टचा पंखा. तोच फिरेना तर गॅस काठोकाठ असून उपयोग काय? हे मी बऱ्याच जणांना समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तरीबी एकदा गॅस बघून घ्या सर."

मे महिना होता. आमचं हिमायतनगर तसं नांदेड जिल्ह्यातलं, पण पैनगंगा ओलांडली की विदर्भ आणि किनवटच्या पुढं गेलं की तेलंगणा. उन्हाळा तिन्हीकडचा आमच्या वाट्याला येतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरायला रुमाल लागतो. त्यात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालेलं. ठरलेल्या तारखांना दाखवायला न्यायचं होतं. डॉक्टरांनी बजावलेलं की डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही, घाम उतरू द्यायचा नाही, चोळायचं तर मुळीच नाही. आमच्या गावाला रेल्वे आहे, मुदखेड-आदिलाबाद मार्गावरचं स्टेशन, पण दवाखान्याच्या वेळेला गाडी जुळत नाही. एसटीत धूळ. म्हणून ही जुनी लहान गाडी, काचा वर करून आणि एसी लावून.

आत्या अजून गावाला जुन्या नावानं वाढोणाच म्हणते. परमेश्वराच्या मंदिराला, म्हणजे महाशिवरात्रीच्या जत्रेला, बैलगाडीतून यायची त्या काळाबद्दल तिला विचारलं तर उकाडा तिच्या आठवणीतच नाही. "तवा उकडत नव्हतं का गं?" विचारलं की म्हणते, "उकडायचं की. पर सांगायचं कुणाला?"

तिला असंच दाखवायला नेताना भोकरच्या अलीकडं ब्लोअर थांबला. हळूहळू नव्हे, एकदम. एसीच्या बटणाचा दिवाही विझला. बऱ्याच गाड्यांची रचनाच अशी असते की ब्लोअर बंद तर कॉम्प्रेसरही बंद. हे मुद्दाम केलेलं असतं. वारा न फिरता कॉम्प्रेसर चालत राहिला तर कूलिंग कॉईलवर बर्फ धरतो. त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं सगळा एसीच गेला आणि पुन्हा गाडी गॅसवर येऊन थांबते. काचा खाली केल्या तर रस्त्याच्या कामाची लाल धूळ आत. काचा वर केल्या तर आतमध्ये भट्टी. आत्यानं डोळ्यावरचा काळा चष्मा आणि त्यावर पदर असा बंदोबस्त केला आणि म्हणाली, "खिडकी उघड रं बाबा, जीव ऱ्हायला तर डोळा."

खरं म्हणजे गाडी डिसेंबरपासूनच काहीतरी सांगत होती. आधी सुरू केल्यावर डाव्या बाजूला टकटक असा बारीक आवाज यायचा आणि आपोआप थांबायचा. मग वास. कुजका नाही, पण धान्याच्या कोठीत असतो तसा उग्र. मग एके दिवशी एक, दोन, तीन हे तिन्ही नंबर गेले आणि फक्त चारवर ब्लोअर चालू राहिला. आवाज मोठा, पण हवा येत होती, म्हणून कुणी फिकीर केली नाही. चार नंबर चालू असला की कोणीच फिकीर करत नाही.

याचं कारण ठाऊक असेल तर पुढचं अर्धं कोडं सुटतं. साध्या नॉबच्या गाड्यांत ब्लोअरची गती कमी करायला मोटारीच्या वाटेत एक रेझिस्टन्स बसवलेला असतो. गॅरेजात 'रजिस्टन्स' म्हणतात. एक नंबरला करंट त्याच्या सगळ्या वेटोळ्यांतून जातो, म्हणून पंखा हळू. दोनला कमी वेटोळ्यांतून, तीनला त्याहून कमी. चारला वेटोळी वगळून थेट. हे वेटोळं चांगलंच तापतं, म्हणून ते मुद्दाम ब्लोअरच्याच वाऱ्याच्या वाटेत बसवतात. पंखा स्वतःच्या वाऱ्यानं स्वतःचा रेझिस्टन्स गार ठेवतो. वारा कमी झाला की तो जास्त तापतो, आणि आग लागू नये म्हणून त्याच्यावर एक बारीक फ्यूज असतो तो वितळतो. मग एक-दोन-तीन गेले, चार राहिला. हे लक्षण इतकं ठरलेलं आहे की फोनवरून सांगितलं तरी जाणकार रेझिस्टन्सचं नाव घेईल. पण तो का जळला, हे मात्र फोनवरून सांगता येत नाही आणि बहुतेक ठिकाणी विचारतही नाहीत.

आता चारही गेला होता. नांदेडला आत्याला दवाखान्यात बसवलं, सोबत आलेल्या पुतण्याला तिच्याजवळ ठेवलं आणि गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. नाव सांगत नाही. सांगून काही उपयोगही नाही, कारण त्यांनी जे केलं ते सगळीकडं करतात. वाटेत मी फ्यूज पाहून ठेवला होता. झाकणाच्या आतल्या नकाशात ब्लोअरपुढं तीस अँपिअर लिहिलेलं, म्हणजे हिरव्या रंगाचा. फ्यूजांचे रंग ठरलेले असतात, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. तो काढून उजेडात धरला, तार सलग होती. हॉर्नचा रिले त्याच आकाराचा आणि त्याच पायांचा होता, तो अदलाबदल करून पाहिला. हॉर्न वाजला, ब्लोअर ढिम्म. म्हणजे रिलेही चांगला. हे मी गॅरेजातल्या पोराला सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. त्यानं खण काढला, मोटारीचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवला, नॉब चारवर ठेवला आणि मल्टीमीटरच्या दोन सुया कपलरच्या दोन पिनांत खुपसल्या. बारा पॉइंट तीन. मीटर मला दाखवत म्हणाला, "करंट येतोय. मोटार गेली."

फोरमननं कागदावर आकडे मांडले. मोटार, रेझिस्टन्स, कूलिंग कॉईलची सफाई, आणि शेवटी गॅस. नऊ-दहा हजारांचं काम, दोन दिवस गाडी ठेवा. गॅस कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "सगळं खोलणारच आहोत तर भरून घ्या." ब्लोअरची मोटार बदलायला गॅसची लाईन खोलावी लागत नाही. मोटार खालून तीन स्क्रू काढले की हातात येते. पण दुपारचे दोन वाजले होते, आत्या दवाखान्यात होती आणि भांडायची ती वेळ नव्हती. गाडी ठेवली नाही. परत येताना आत्याला ओला पंचा देऊन मागं बसवलं आणि उन्हं कलल्यावर निघालो.

आमच्या गावात एक चाचा आहेत, ट्रॅक्टरचे सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करणारे. पत्र्याचं दुकान, दारात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग, आत तांब्याच्या तारेची रिळं. कारचं काम ते फार घेत नाहीत, कारण कारवाले घाई करतात. सकाळी सात वाजता गेलो तर ते एका टेम्पोच्या खाली होते. खालूनच विचारलं, "क्या हुआ सर?" म्हटलं, ब्लोअर बंद आहे. वाट पाहत होतो की आता गॅसचं विचारतील. त्यांनी विचारलं, "पहले कौनसे नंबर गये?"

हा प्रश्न मला त्या सगळ्या काळात कुणी विचारला नव्हता.

मी क्रमानं सांगितलं. टकटक, वास, एक-दोन-तीन एकदम गेले, चार राहिला, मग चारही गेला. फ्यूज शाबूत, रिले शाबूत, मोटारीच्या कपलरवर बारा व्होल्ट दिसतात. शेवटच्या वाक्यावर ते हसले. दुकानातून त्यांनी हेडलाइटचा एक जुना बल्ब आणला, त्याला दोन लांब वायरी डकवलेल्या, टोकांना चिमटे. पंचावन्न वॅटचा बल्ब, म्हणजे बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास करंट खाणारा. मीटर त्यांच्याकडंही होतं, खुंटीला टांगलेलं. त्याला हात लावला नाही.

कपलर सोडवून चाचांनी बल्बचे दोन चिमटे त्याच दोन पिनांना लावले, जिथं नांदेडच्या पोरानं सुया खुपसल्या होत्या. नॉब चारवर. बल्ब पेटला, पण कसा, तर तार नुसती तांबूस. देवघरातल्या झिरोच्या बल्बाचाही उजेड त्याहून बरा. मग ते मराठीत म्हणाले, माझ्याशी महत्त्वाचं बोलायचं असलं की ते मराठीत बोलतात, "दाब आहे, धार नाही. नळाला तोंडाशी बोट लावलं तर पाणी जोरात वाटतं, बादली लावा मग कळतं."

मीटरला करंट लागत नाही, लागलाच तर नावापुरता. वायरीचा एक तंतू जरी शिल्लक असला, पिन जरी काजळून नुसती टेकलेली असली, तरी मीटर बिनधास्त बारा व्होल्ट दाखवतो. ब्लोअरच्या मोटारीला मात्र पूर्ण गतीला पंधरा-वीस अँपिअर लागतात. तेवढा करंट त्या काजळलेल्या जागेतून निघाला की सगळे व्होल्ट तिथंच खर्ची पडतात, मोटारीपर्यंत पोचतच नाहीत. ज्याच्यावर काम करायचंय त्याच्याएवढा नसला तरी थोडाबहुत बोजा टाकून बघितल्याशिवाय वायरिंगची परीक्षा होत नाही. विजेचं हे गणित मी शाळेत शिकवतो. ओमचा नियम, व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओम. दरवर्षी फळ्यावर लिहितो. तांबूस तारेच्या बल्बात तो इतका स्वच्छ दिसेल असं मात्र वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून वर्गात हेडलाइटचा बल्ब नेतो.

पुढचं काम चाचांनी पाच मिनिटांत केलं आणि मी त्यांच्याकडून ते तीनदा समजून घेतलं. बल्बचा एक चिमटा मोटारीच्या प्लसच्या पिनेवर तसाच ठेवला आणि दुसरा काढून दरवाजाच्या बिजागरीच्या बोल्टला, म्हणजे बॉडी अर्थला लावला. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि मोटारीपर्यंतची वाट चांगली. बिघाड परतीच्या वाटेवर, अर्थच्या बाजूला. आमच्या गाडीत मोटार ते रेझिस्टन्स, रेझिस्टन्स ते नॉब आणि नॉब ते बॉडी अशी परतीची वाट आहे. त्यांनी बल्ब पुन्हा दोन पिनांत लावला, मला नॉबजवळ बसवलं आणि स्वतः डॅशबोर्डाखाली आडवे होऊन वायरी एकेक करून हलवत गेले. रेझिस्टन्सच्या कपलरला हात लागताच बल्ब भपकन उजळला, पुन्हा मंदावला. "मिल गया."

कपलर निघता निघेना. प्लास्टिक वितळून रेझिस्टन्सला चिकटलं होतं. निघाल्यावर पाहिलं तर जाड वायरीची, चार नंबरची पिन काळी आणि तिच्याभोवती पांढऱ्या प्लास्टिकचा रंग करपलेल्या भाकरीवर गेलेला. फ्यूज का उडाला नव्हता, तेही तिथंच कळलं. फ्यूज उडतो तो करंट वाढला तर. इथं सांध्यात उष्णता तयार होत होती आणि सांधा जसजसा खराब होत गेला तसतसा करंट उलट कमी होत गेला. फ्यूजच्या दृष्टीनं सगळं आलबेल. अशा सांध्यानं गाडी पेटू शकते आणि फ्यूज शेवटपर्यंत शाबूत राहू शकतो. काही जण तर अशा वेळी फ्यूज चाळीसचा घालतात किंवा रेझिस्टन्सवरचा बारीक फ्यूज तारेनं जोडून 'डायरेक्ट' करतात. चाचांकडंही गिऱ्हाइकं तशी मागणी करतात. "करके देते नै," ते म्हणाले. "गाडी उनकी जलेगी, नाम मेरा लेंगे."

मी समजलो, काम झालं. नवा कपलर, नवा रेझिस्टन्स, संपलं. चाचांनी मान हलवली. पिन चांगली बसलेली असताना उगाच कशाला तापेल? कुणीतरी जास्त करंट ओढत होतं. त्यांनी मोटारीला बॅटरीवरून थेट दोन जाड वायरी लावल्या. नांदेडला 'गेलेली' मोटार घुरघुरली आणि फिरली, पण कशी, तर ओझं घेऊन घाट चढणाऱ्या बैलासारखी नाही म्हणवत, कारण बैलसुद्धा इतका कण्हत नाही. वायरी हाताला गरम लागायला लागल्या. लगेच काढल्या. तीन स्क्रू काढून मोटार खाली ओढली.

आणि कापूस पडला.

पहिल्यांदा एक मूठभर, मग हात घालून चाचा काढत गेले तसा आणखी. पंख्याच्या पात्यापात्यांत अडकलेला, दाबून दाबून गादीसारखा झालेला. त्यात पोकळ केलेल्या सरकीची टरफलं, सोयाबीनच्या शेंगांचे तुकडे, कागदाचे कपटे आणि सीटच्या आतला पिवळा फोम. उंदरानं तिथं संसार मांडला होता. उंदीर स्वतः नव्हता, तेवढं बरं. डिसेंबरातली टकटक म्हणजे पात्यांवर आपटणारी सरकी. वास उंदराचा. पंखा जड झाला म्हणून वारा कमी पडला, वारा कमी पडला म्हणून रेझिस्टन्स तापून त्याचा फ्यूज गेला. आम्ही चारवर चालवत राहिलो, तेव्हा जड पंख्याचा सगळा करंट त्या एका जाड पिनेतून वाहत राहिला, आणि शेवटी ती पिनही गेली. भोकरच्या अलीकडं थांबला तो ब्लोअर डिसेंबरपासून थांबत आला होता.

कापूस कुठला, हे विचारायची गरज नव्हती. आमचाच. २०२२ मध्ये कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला, तेव्हापासून आमच्या भागात कुणाचा जीव लवकर विकायला धजत नाही. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून कापूस घरात भरून ठेवतात. ओसरीवर, माडीवर, झोपायच्या खोलीत. पोरांच्या अंगाला खाज सुटते, म्हातारी माणसं खोकतात, आणि भाव जिथल्या तिथं. आमच्याही पुढच्या खोलीत छताला टेकेल इतका होता आणि त्या खोलीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये गाडी. उंदराला खोलीतून निघून बॉनेटवर चढायचं, काचेच्या खालच्या जाळीतून आत उतरायचं आणि थेट ब्लोअरच्या डबीत पोचायचं. या गाडीला केबिनचा फिल्टर नाही. बऱ्याच लहान गाड्यांत पूर्वी तो देत नसत. जाळी आणि पंखा यांच्यामध्ये आडवं येणारं काही नाही. चाचा म्हणाले, कापसाच्या मोसमात ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमधूनही हेच निघतं. नांदेडच्या गॅरेजानं नवी मोटार त्याच डबीत, त्याच कापसात बसवली असती का, हा विचार मी करतो कधीकधी. मोटार काढताना कापूस दिसला असता, एवढं तरी मान्य केलं पाहिजे. वितळलेला कपलर मात्र दिसला नसता, कारण तिकडं कुणी बघतच नव्हतं.

मोटारीचे कार्बन, म्हणजे आतले ब्रश, अर्ध्यापेक्षा जास्त शिल्लक होते. ज्या मोटारीचे कार्बन झिजून संपतात ती मोटार कधी चालते, कधी चालत नाही आणि बाहेरून टिचकी मारली की थोडा वेळ फिरते, हेही चाचांनी जाता जाता सांगितलं. बारीक पॉलिश पेपरनं त्यांनी आतलं तांबं चकचकीत केलं, बुशला एक थेंब तेल दिलं, पंखा ब्रशनं धुऊन उन्हात ठेवला. उन्हाला त्या दिवशी पहिल्यांदा काही उपयोग झाला. रेझिस्टन्स गावात मिळाला नाही. नांदेडहून मागवला, काळीपिवळीवाल्याच्या हातानं संध्याकाळी आला. कपलरसाठी चाचांनी भंगारातल्या एका गाडीतून वायरींसकट कापून आणलेला चांगला नग काढला. जुन्या वायरी करपलेल्या भागाच्या मागं, चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापल्या, नवी जोडणी आधी दाबून आणि मग झाळून घेतली, वरून स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली. करपलेलं तांबं तसंच ठेवून जोड दिला तर तो पुन्हा तापतो, असं ते म्हणाले.

त्यांचं काम चाललेलं असताना एक ट्रकवाला येऊन बसला होता. त्याच्या ट्रकात एसी कुठला, इंजिन मांडीजवळ. त्यानंच विषय काढला की नव्या ट्रकांना आता एसी सक्तीचा झालाय म्हणे. झालाय, साडेतीन टनांवरच्या ट्रकांना, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या. ट्रकवाला म्हणाला, "मालक लावू देईल तेव्हा खरं. डिझेल खातो म्हणेल." चाचांचा हिशोब वेगळा होता. इतके ट्रक म्हणजे इतके ब्लोअर, आणि ट्रक तर धुळीतच उभा असतो. पुढची दहा वर्षं कामाला तोटा नाही.

घरी येऊन मी गाडीतल्या एसीचा इतिहास शोधला, शिक्षकाची खोड. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलात पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार विकायला काढली. गार करणारं यंत्र मागं डिकीत, निम्मी जागा त्यानंच व्यापलेली. कॉम्प्रेसर आतून बंद करायची सोयच नव्हती. थंडीच्या दिवसांत उतरून त्याचा पट्टा काढून ठेवावा लागे. ड्रायव्हरच्या हातात फक्त ब्लोअरचं बटण. म्हणजे त्या गाडीत एसी चालू आहे की बंद, हे सगळं त्या पंख्यावरच अवलंबून. चाचांना हे सांगितलं तर त्यांना पट्टा काढायची कल्पना फार आवडली.

तर रेझिस्टन्स आणि कपलर बसवून झाल्यावर पहिल्यांदा नॉब एकवर फिरवला. कित्येक महिन्यांनी एक नंबर लागला आणि इतका हळू वारा आला की मला वाटलं काहीतरी राहिलं. चाचांनी जाळीपुढं हात धरून दाखवला. दोन, तीन, चार. चारवर पूर्वीचा मोठा आवाज नव्हता. तो आवाज जड पंख्याचा होता आणि आम्ही त्याला ताकद समजत होतो. चाचांनी दहा मिनिटं चारवर चालू ठेवायला लावला आणि मग कपलरला हात लावून पाहिला. कोमट. "ठीक है. गरम होना, लेकिन हात नै जलना." मजुरी पाचशे घेतली, कपलरचे वेगळे शंभर, रेझिस्टन्सचं बिल जे आलं ते. बल्ब लावून बघायचे पैसे विचारले तर म्हणाले, बघायचे कसले पैसे.

काचेखालच्या जाळीच्या आतून आता बारीक स्टीलची जाळी बसवली आहे. वारा थोडा कमी येतो, चालतं. रात्री गाडी लावताना आतलीच हवा फिरवायचा खटका लावून ठेवतो, म्हणजे बाहेरच्या हवेची झडप बंद राहते. उंदराला तेवढं पुरेल की नाही माहीत नाही. कापूस जूनमध्ये विकला, दिवाळीत जो भाव होता त्याच्याच आसपास.

आत्याला पुढच्या तपासणीला नेलं तेव्हा ब्लोअर दोनवर होता. बारडच्या पुढं ती म्हणाली, "जरा कमी कर, गुडघ्याला गार लागायलंय." एकवर केला.

शेजारच्या गल्लीतले आमचे एक सहकारी आहेत, त्यांच्या गाडीचे एक-दोन-तीन गेलेत. मी त्यांना रेझिस्टन्स, पिन, उंदीर, सगळं सांगितलं, चाचांचं दुकान दाखवलं, माझ्याकडचा बल्ब घेऊन येतो म्हणालो. ते म्हणाले, "अहो सर, चारवर चालतंय की मस्त."